बोटीवर न्यायची सुरी

दादाने माझ्या मुलीला स्वतःचा चाकू दिला तेव्हा त्याला अशी धार होती, की कागद नुसता टेकवला तरी फाटावा. असणारच. कधी वापरला असेल तर ना झिजणार.

मी तेव्हा एक मोठं शीड दुरुस्त करत होते. आमच्या कारखान्यात शिलाई मशीन जमिनीतल्या खड्ड्यात बसवलेलं आहे, म्हणजे शीड लाकडी फरशीवर सगळीकडे पसरता येतं आणि शिवणारीने खड्ड्यात पाय सोडून बसायचं. त्यामुळे मला आधी मुलीचे बूट दिसले, मग गळ्यातली दोरी, आणि दोरीला लटकणारा तो निळ्या मुठीचा घडीचा चाकू. मुठीवर दादाच्या बोटीचं चित्र कोरलेलं. लगेच ओळखला मी.

"मामाने दिला," ती म्हणाली. "लांबच्या सफरीवर प्रत्येकाकडे आपापला हवा म्हणतो."

"परत देऊन ये."

"आई, किती भारी आहे माहितीये का तो?"

"मला नको सांगूस किती भारी आहे. त्या चाकूच्या डोळ्यांदेखत तुझ्या बापाची बोटं गेली. चाकू हवाय ना? मी घेऊन देते. हा घरात नको."

कोपऱ्यात नवरा शिडांच्या पितळी कड्या आकाराप्रमाणे डब्यांत टाकत होता, डाव्या हाताने. त्याने मानसुद्धा वर केली नाही. हा विषय निघाला की त्याच्या तोंडाला कुलूप लागतं, आणि किल्ली कुठे ठेवलीय ते मला आजवर सापडलेलं नाही.

दादा माझा सख्खा मोठा भाऊ. त्याची शर्यतीची बोट आहे आणि बोटीवर त्याच्या शब्दापुढे कोणी जात नाही. या बोटीवर एक नियम आहे. कुठे लिहिलेला नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. दोर कापायचा नाही. गुंता झाला, गाठ बसली, वेढे एकमेकांवर चढले, काहीही होवो, खरा खलाशी तो हाताने सोडवतो. ज्याने कापला त्याला वर्षभर 'कात्री' म्हणायचं. कात्री, जरा बाजूला हो. कात्री, बादली आण. वर्षाअखेरच्या जेवणात त्या कापलेल्या दोराचा तुकडा त्याच्या गळ्यात घालायचा आणि बाकीच्यांनी टेबलं बडवायची. चांगले पोराबाळांचे बाप आहेत ते, पण या नावाला असे टरकतात की विचारू नका. कमरेला चाकू मात्र सगळ्यांच्या, एकापेक्षा एक. संध्याकाळी काठावर बसून एकमेकांना पाती दाखवतात आणि पोलादावर व्याख्यानं झोडतात.

माझा नवरा शिडं शिवायचा. माझ्यापेक्षा चांगली शिवायचा, हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हटलं नाही, पण खरं आहे. नवं शीड नीट बसतंय का बघायला तो दादाच्या बोटीवर गेला होता. वारा जोरात होता. दोर ताणायची जी चरखी असते तिच्यावर दोराचे वेढे एकमेकांवर चढले, आणि ते सारखे करायला गेला तर उजव्या हाताची बोटं वेढ्यांखाली सापडली. वरून भरलेल्या शिडाची सगळी ओढ. चरखीच्या पुढे दोरावर एकदा पातं फिरवलं असतं की सुटलं असतं. चाकू दादाच्या गळ्यात होता, हाच, निळ्या मुठीचा. पण दोर त्याच आठवड्यात आणलेला, कोरा. दादाने काय केलं, तर बोट वाऱ्यावर वळवायला घेतली. शीड सैल पडलं की दोर आपोआप सुटेल म्हणे. शीड सैल पडलं, फडफडायला लागलं, आणि प्रत्येक फडफडीला दोर हिसके देत राहिला. सुटला शेवटी. दोराला काही झालं नाही.

तीन बोटं डॉक्टरांना काढावी लागली. जाड कापडातून सुई ओढायला अंगठा आणि पहिली दोन बोटं लागतात. त्यातली दोन गेली.

दादा दवाखान्यात आला, रडला, आणि मग मला म्हणाला, "अगं, दोर कापला असता तर डोलकाठी मोडली असती." मी शिडं शिवते. पुढच्या शिडाचा दोर कापल्याने डोलकाठी मोडत नाही हे मला कळतं आणि त्यालाही कळतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवसापासून मी त्याच्या घरी गेले नाही. आणि नवरा? अंथरुणात पडून म्हणतो, "दादांना त्या वेळी जे सुचलं ते त्यांनी केलं." पुढे कधीही विचारलं तरी हेच वाक्य. एवढा सोशिक माणूस बघून कोणाला कौतुक वाटेल, मला संताप येतो.

तर अशा मामाबरोबर माझी मुलगी समुद्र ओलांडायला निघाली होती. लहानपणापासून ती मामाच्या गळ्यातला ताईत. मी बोलणं टाकलं, तिने नाही टाकलं. नाही म्हणून बघितलं मी. हिचं लग्न ठरवतेय की काय असा चेहरा करून तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पिशवी भरायला काढली. हट्ट कोणाचा घेतलाय ते सांगायला नको. मग मी एवढीच अट घातली, की सुरी मी निवडीन.

बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोर, रंग, नांगर, कंदील असलं सगळं विकणारं दुकान आहे. दुकानदार बडबड्या, पण माणूस बरा. आम्हाला बघून त्याने काचेखालचा अख्खा खणच बाहेर काढला.

"हा बघा वहिनी, राजा माणूस आहे हा," असं म्हणून त्याने एक लांब, टोकदार चाकू पुढे केला.

"टोक नको."

"टोक नसलेला चाकू म्हणजे काय चाकू?"

"बोट हलते हो. ही घसरून पडली तर ते टोक कोणाच्या मांडीत जाईल? आणि जीव वाचवायला रबरी तराफ्यात बसायची वेळ आली आणि हिने त्यालाच भोक पाडलं, तर तुम्ही येणार आहात का पंक्चर काढायला?"

मुलगी काउंटरला टेकून दुसरीकडे बघत होती. माझ्याबरोबर आल्याची तिला लाज वाटत असावी. "मामा म्हणतो टोक लागतं, घट्ट गाठीत घालून सैल करायला," ती हळूच म्हणाली.

"गाठ सैल करायला वेगळा लोखंडी दाभण मिळतो. मी सुरी घ्यायला आलेय."

दुकानदाराने मग एक जाडजूड घडीचं प्रकरण काढलं. त्यात बूच काढायचं होतं, करवत होती, स्क्रू पिळायचं होतं, एक भिंगसुद्धा होतं. "आणि पातं?" मी विचारलं. "आहे ना, हे काय," म्हणत तो नखाने ओढायला लागला. ते निघेना. त्याने दातही लावून बघितले. मुलीला हसायचं नव्हतं, तरी ती हसली.

"भाऊ, तुमचं नख मोडेस्तोवर ही तळाला जाईल. दोन्ही हात लागतील असं काही दाखवूच नका. एक हात कायम कशाला तरी धरलेला असतो."

"एका हाताने उघडणारे पण आहेत की घडीचे."

"आज उघडतील. खारं पाणी बिजागरीत मुरलं की बघा. घडीचा नकोच. अखंड पात्याची द्या, म्यानातली."

मग खरी निवड सुरू झाली. मी पिशवीतून भिजवलेल्या दोराचा तुकडा काढला. कारखान्यातूनच आणला होता, बोटीवर असतो तसा जाड विणीचा. मुलीला नळाखाली हात ओले करायला लावले आणि एकेक सुरी तिच्या हातात देत गेले. गुळगुळीत पात्याची सुरी ओल्या दोरावरून घसरते, घरात पाव कापावा तशी पुढेमागे करत बसावं लागतं. मागच्या अर्ध्या भागाला दाते असले तर दोर धरून ठेवते आणि एका ओढीत कापते. पॉलिश केलेली लाकडी मूठ दिसायला फार सुरेख, ओल्या हातात साबण. रबरी मूठ कुरूप, पण हातात बसते. दुकानदार म्हणाला, गंज न चढणारं पोलाद लवकर बोथट होतं वहिनी, दुसरं घ्या, धार टिकेल. मी म्हटलं, धार पुन्हा लावता येते, पण पातं गंजून म्यानात रुतलं तर ते उपसायला कोण येणार. यावर त्याने मान डोलावली.

"कमरेला लावायचं म्यान ना?" त्याने विचारलं.

"छातीवर. लाइफ जॅकेटच्या पट्ट्याला, मूठ खाली. उजवा हात अडकला तर डाव्याने निघाली पाहिजे, डावा अडकला तर उजव्याने."

मी मुलीचा उजवा हात पाठीमागे धरून ठेवला. "काढ आता." तिने डाव्या हाताने सुरी खेचली आणि दुकानदाराने धरलेला दोर सटकन कापला. मग सुरीला बांधायची दोरी मापायची होती. ती हात पूर्ण लांब केल्यावरही पुरली पाहिजे, नाहीतर हात पोचतो आणि सुरी मध्येच लटकते. मी तिचा हात वर करायला लावला, खाली, बाजूला. तिला आता मजा यायला लागली होती. आपण होऊन तिने डोळे मिटले आणि चाचपून सुरी काढून दाखवली. एकदा, दोनदा. म्यानात परत घालताना बोटाला लागणार नाही याचीही काळजी घेतली.

"आई, ही भारी आहे," ती म्हणाली. तोंडदेखलं नव्हतं ते. तिचे गाल लाल झाले होते. किती दिवसांनी माझ्याकडे बघून असं काही बोलली. मला फार बरं वाटलं, उगाच कशाला लपवू.

"वहिनी, तुम्हीच चालवा दुकान, मी जातो शिडं शिवायला," दुकानदार म्हणाला.

बाहेर पडल्यावर मी तिला रस्त्यातच थांबवलं. "हे बघ. कोणाचा हात, पाय, गळा, काहीही दोरात अडकलं की कापायचं. विचारत बसायचं नाही. मामा काही म्हणो."

"हो गं."

"कात्री म्हणतील. म्हणू देत."

"हो गं आई. कळलं."

हे 'हो गं' मी ओळखते. जेवून घे, हो गं. पोचल्यावर कळव, हो गं. माझं समाधान झालं नाही.

निघायच्या सकाळी मी आणि नवरा धक्क्यावर गेलो. मी कित्येक वर्षांनी दादाच्या बोटीजवळ आले होते, त्यामुळे बोटीवरचे चौघे उगाच कामात असल्यासारखे वाकले. दादा पुढे आला. केस पांढरे झालेत, बाकी ऐट तीच. "ये, ये," म्हणाला. "आलीस, बरं झालं." नवऱ्याला त्याने डाव्या हाताने हस्तांदोलन केलं. एवढं मात्र त्याच्या लक्षात असतं.

मुलगी लाइफ जॅकेट घालून तयार होती. सुरी छातीवर, मूठ खाली, मी सांगितली तशी. दादाने ती बघितली. "वा! आईने अगदी हत्यारबंद केलीय तुला. कोणावर स्वारी?" सगळे हसले. तीही हसली.

मी सरळ बोटीवर चढले. त्यांनी पुढचं शीड तपासायला अर्धं उघडलं होतं, त्याचा दोर चरखीवर घेतलेला. पांढऱ्यात लाल धागा असलेला, नवा कोरा दोर. दादा कौतुकाने सांगायला लागला, हा कुठून आणला आणि किती ओढ सोसतो. मी चरखीजवळ वाकले. दोर जरा ढिला होता. मी डाव्या हाताची बोटं वेढ्यांखाली सरकवली. वारा आला, शीड भरलं, आणि दोर बसला.

अर्धंच शीड होतं, धक्क्याला बांधलेली बोट होती, वारा साधाच होता. तरी माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तेव्हा भर वाऱ्यात नवऱ्याचं काय झालं असेल ते मला तिथे वाकल्यावाकल्या कळलं.

"माझी बोटं अडकलीत," मी मुलीला म्हटलं. "काप."

तिचा हात छातीवर गेला. सुरी झटक्यात बाहेर आली, एका हाताने, अगदी शिकवल्याप्रमाणे. ती एक पाऊल पुढे आली, चरखीच्या पुढे जिथे कापायला हवं तिथेच पातं टेकवलं. सगळं बरोबर केलं पोरीने.

आणि मग तिने मामाकडे बघितलं.

फार वेळ नाही. पण बघितलं, आणि थांबली. दादाने माझ्या हाताकडे बघितलं, नव्या दोराकडे बघितलं, आजूबाजूच्यांकडे बघितलं. मग मोठ्या मनाने हसला आणि म्हणाला, "काप बाई, काप. नाहीतर तुझी आई आपल्याला जाऊ द्यायची नाही."

तेव्हा तिने कापला. एका ओढीत. शीड सुटलं, मी हात काढून घेतला. बोटांवर लाल वळ उठले होते, बाकी काही नाही. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी "कात्री!" म्हणून ओरडलं आणि सगळे खिदळले. दादा मला म्हणाला, "झालं समाधान? दिला की नाही कापू?"

दिला. हाच शब्द वापरला त्याने.

मुलगी सुरी म्यानात घालून माझा हात बघायला आली. "दुखतंय? बघ आई, जमलं ना मला?"

"तू मामाला विचारलंस," मी म्हटलं.

"कुठे विचारलं? एक शब्द तरी बोलले का मी?"

"बघितलंस त्याच्याकडे. तो हो म्हणेपर्यंत थांबलीस."

"काहीतरीच काय. लगेच कापला मी." ती माझ्याकडे खरंच न समजून बघत होती. खोटं बोलत असती तर मला चाललं असतं. खोटं बोलणाऱ्या माणसाला निदान खरं काय ते माहीत असतं.

"उतर खाली," मी म्हटलं. "नको जाऊस. माझं ऐक, या एका वेळी ऐक."

"आई, सगळ्यांसमोर तमाशा नको ना," ती कुजबुजली. मग मला घट्ट मिठी मारली, बापाच्या गळ्यात पडली, आणि जाऊन मामाशेजारी उभी राहिली. दादाने कापलेला दोर बाजूला टाकून दुसरा काढला होता. जुना होता, त्यांच्याकडे भरपूर होते.

त्यांनी बांधलेले दोर सोडले. बोट धक्क्यापासून लांब जायला लागली. मी तोंडात येईल ते दादाला बोलत होते. याला भाऊ कोण म्हणेल, आधी माझ्या घरातला एक हात खाल्ला, आता पोरीला पण मुठीत ठेवलंय, हाडाचा खुनी आहे हा. नवरा शेजारी उभा राहून ऐकत होता. मी दम घ्यायला थांबले तेव्हा तो म्हणाला, "सुरी माझ्याकडेही होती."

"काय?"

"त्या दिवशी. माझ्या कमरेला."

"असेल. उजवा हात अडकलेला, कशी काढणार होतास?" अहोजाहो मी रागात विसरते.

"डाव्या बाजूला होती. डावा हात मोकळाच होता." तो बोटीकडेच बघत होता. "काढली होती मी म्यानातून. हातात होती."

मला वाटलं मी चुकीचं ऐकतेय. बोटं त्याची, सुरी त्याची, दोर समोर.

"मग?"

"मी दादांकडे बघितलं. ते म्हणाले, थांब. म्हणून थांबलो."

इतकी वर्षं मी भावाला शिव्याशाप दिले. त्यातला एकही मागे घेणार नाही. पण या माणसाला मी रोज भरवलं, बटणं लावून दिली, सोशिक म्हणून सांभाळलं, आणि तो स्वतःच्या बोटांसाठी सुद्धा परवानगी मागत उभा होता. आणि ती समोर चाललेली मुलगी त्याची होती. मला वाटत होतं हट्ट माझा घेतलाय म्हणजे सगळंच माझं घेतलंय.

"हे तू तिला सांगायचं होतंस," मी म्हटलं. "मला नाही. तिला. आज सकाळी, बोटीवर चढायच्या आधी."

"हो," तो म्हणाला. "वाटलं होतं सांगावं. पण दादा तिथेच उभे होते."

बोट बंदराच्या तोंडापर्यंत गेली होती. तिथवर हाक पोचत नाही, हे मला माहीत आहे. तरी मी तिला हाका मारत राहिले, घसा बसेपर्यंत, आणि तो माझ्या दंडाला धरून म्हणत होता, अगं पुरे, लोक बघताहेत.